विश्वाला सुरुवात होती का? नारळीकरांचा नकार आणि आकाशातून आलेली उत्तरं

सीवूड्स स्टेशनातून बाहेर पडून पाम बीच रोडच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला रात्री दहा वाजता मान वर करून उभं राहा. दिसणारे तारे मोजायला हातापायांची बोटं पुरतात. हा दोष शहराच्या उजेडाचा. पण समजा, एखाद्या रात्री अख्ख्या नवी मुंबईची आणि पलीकडच्या मुंबईचीही वीज गेली. मग तारे हजारोंनी दिसतील, तरी दोन ताऱ्यांच्या मधली जागा काळीच राहील.

ती काळी का असते, हा प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. विश्व अमर्याद असेल, कायमचं असेल आणि सगळीकडे ताऱ्यांनी भरलेलं असेल, तर नजर कुठेही वळवली तरी ती शेवटी एखाद्या ताऱ्यावर जाऊन थांबायला हवी. दाट जंगलात कुठल्याही दिशेला पाहिलं की शेवटी एखादं खोड आडवं येतंच, तसं. म्हणजे रात्रीचं आकाश सूर्याच्या पृष्ठभागासारखं लख्ख असायला हवं. जर्मन खगोलशास्त्रज्ञ हाईनरिश ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये हा पेच मांडला. त्याच्या योग्य उत्तराच्या जवळ पोहोचलेल्या पहिल्या काही लोकांमध्ये रहस्यकथांसाठी प्रसिद्ध असलेला एडगर अ‍ॅलन पो होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८४८ मध्ये त्यानं सुचवलं की दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेलाच नसेल.

प्रकाशाला पोहोचायला पुरेसा वेळ मिळाला नाही, याचा अर्थ विश्वाच्या घड्याळाला कुठेतरी सुरुवात आहे. ‘रात्रीचा अंधार हाच बिग बँगचा पुरावा’ असं तीस सेकंदांत सांगून मोकळं होता येईल. पण त्यात एक अडचण आहे. विश्व पसरत असेल तर दूरच्या प्रकाशातली ऊर्जा वाटेतच कमी होत जाते, आणि मग विश्व अनादी असलं तरी आकाश काळं राहू शकतं. हे उत्तर देणाऱ्या गटात मराठी घरांमध्ये सर्वात ओळखीचं असलेलं शास्त्रज्ञाचं नाव होतं : जयंत नारळीकर.

२० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६व्या वर्षी नारळीकरांचं निधन झालं. ‘यक्षांची देणगी’ वाचून मोठ्या झालेल्या पिढीला ते विज्ञानकथा लिहिणारे म्हणून माहीत आहेत, तर ‘आकाशाशी जडले नाते’मुळे अनेकांनी पहिल्यांदा दुर्बीण हातात घेतली. ज्यांच्यामुळे महाराष्ट्राला विश्वाबद्दल कुतूहल वाटू लागलं, त्यांनी स्वतः मात्र विश्वाचा जन्म महास्फोटातून झाला हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. म्हणजे ते चुकले होते का? की शाळेच्या पुस्तकात आहे ते चुकलंय? आधी मुळात भांडण कशावरून होतं ते बघू.

स्फोट कुठे झाला?

कुठेच नाही. किंवा सगळीकडे. ‘महास्फोट’ या शब्दानं मराठी वाचकाचा जितका गोंधळ केला आहे, तितका क्वचितच एखाद्या पारिभाषिक शब्दानं केला असेल. स्फोट म्हटलं की डोळ्यांसमोर रिकामी जागा येते, मध्ये एक ठिणगी आणि चहूकडे उडालेले तुकडे. विज्ञान असं काही सांगत नाही.

दिवाळीत अनारसा तळताना पाहिला असेल. तुपात पडल्यावर तो पसरतो आणि त्यावर लावलेले खसखशीचे दाणे एकमेकांपासून लांब जातात. दाणे स्वतः चालत नाहीत, त्यांच्या मधलं पीठ ताणलं जातं. कुठल्याही दाण्यावर बसून पाहिलं तर बाकीचे सगळे आपल्यापासून दूर चालल्यासारखे वाटतील, आणि जो दाणा जास्त लांब तो जास्त वेगानं दूर जाताना दिसेल. दीर्घिकांचं असंच आहे. फरक एवढाच, की अनारशाला कडा असते आणि मध्यही असतो. विश्वाची कडा किंवा मध्य कुणालाही सापडलेला नाही, आणि सिद्धांताला त्याची गरजही नाही.

हे ताणणं प्रकाशातून कळतं. पाम बीच रोडवरून अ‍ॅम्ब्युलन्स जवळ येताना सायरन चढ्या आवाजात ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की तोच आवाज उतरतो. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाशही असाच ‘उतरलेला’, म्हणजे लाल रंगाकडे सरकलेला मिळतो. मराठीत याला ताम्रसृती म्हणतात, बोलताना सगळे रेडशिफ्टच म्हणतात. (सायरनची उपमा अर्धीच खरी आहे. दीर्घिकांच्या बाबतीत प्रकाशाची लहर प्रवासात असतानाच मधली जागा ताणली जाते आणि तिच्याबरोबर लहरही.) रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये आणि बेल्जियमचे धर्मगुरू व भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांमधून विश्व पसरू शकतं हे काढलं होतं. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी अंतर आणि रेडशिफ्ट यांचा संबंध दाखवून दिला.

आता ही फिल्म उलटी फिरवा. सगळं जवळ जवळ येत जाईल, दाट होईल, तापेल. लमेत्र यांनी १९३१ मध्ये तेच केलं आणि विश्वाची सुरुवात एका ‘आदिम अणू’पासून झाल्याची कल्पना मांडली. बिग बँग सिद्धांताचा गाभा एवढाच : विश्व एकेकाळी अतिशय दाट आणि तप्त होतं, आणि तेव्हापासून ते पसरत, थंड होत आलं आहे. त्या अवस्थेच्या आधी काय होतं, ‘शून्यातून’ काही निर्माण झालं का, हे या गाभ्यात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर वाद मात्र नेमका त्यावरच होतो.

नाव विरोधकानं दिलं

‘बिग बँग’ हा शब्द फ्रेड हॉयल यांनी २८ मार्च १९४९ रोजी बीबीसी रेडिओवरच्या भाषणात पहिल्यांदा वापरला. हॉयल हे या कल्पनेचे सर्वात बोलघेवडे विरोधक. शब्द टिंगल म्हणून वापरला का, यावर नंतर बरीच चर्चा झाली, हॉयल यांनी ते नाकारलं. नाव मात्र चिकटलं ते कायमचं.

हॉयल यांचा विरोध हट्टापोटी नव्हता. तेव्हाच्या मोजमापांनुसार विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघत होतं, आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याचं भूगर्भशास्त्र सांगत होतं. आईपेक्षा मुलगी मोठी, असा हा हिशोब. १९४८ मध्ये हॉयल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी केंब्रिजमधून दुसरा मार्ग सुचवला : विश्व पसरतंय हे खरं, पण त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. दीर्घिका लांब जातात तसं मधल्या जागेत नवं द्रव्य तयार होतं, त्यातून नव्या दीर्घिका बनतात आणि एकूण चित्र सदासर्वकाळ सारखंच राहतं. नदीतलं पाणी पुढे जातं पण नदी तशीच दिसते, तसं काहीसं. याला स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतात.

नवं द्रव्य आपोआप तयार होतं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण किती? हिशोब केला तर एक घनमीटर जागेत साधारण १०० कोटी वर्षांत हायड्रोजनचा एक अणू. सीवूड्समधला एखादा वन बीएचके फ्लॅट १२० घनमीटरचा धरला, तर त्यात सुमारे ८० लाख वर्षांत एक अणू. प्रयोगशाळेत हे पकडणं अशक्य, त्यामुळे ‘असं होतच नाही’ असंही कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हतं. सिद्धांताची परीक्षा आकाशातच होणार होती.

या वादात नारळीकर शिरले ते १९६० मध्ये. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्म, शिक्षण बनारसला, कारण वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते आणि स्वतः आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतावर काम करत होते. आई सुमती नारळीकर संस्कृतच्या विदुषी. केंब्रिजमध्ये १९५९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले येऊन जयंतराव ‘सीनियर रँग्लर’ झाले आणि पीएचडीसाठी हॉयल यांच्याकडे गेले.

मोजा आणि सांगा

संशोधनाला सुरुवात करून वर्षही होत नाही तोच पहिला धक्का आला. केंब्रिजमध्येच रेडिओ दुर्बिणी चालवणारे मार्टिन राईल यांनी १९६१ च्या सुरुवातीला जाहीर केलं की स्थिर स्थिती सिद्धांत निकालात निघाला आहे. त्यांनी काय केलं होतं? आकाशातले रेडिओ लहरी सोडणारे स्रोत मोजले होते, आधी ठळक, मग अंधुक, मग आणखी अंधुक. अंधुक म्हणजे साधारणपणे लांबचे, आणि लांबचे म्हणजे जुन्या काळातले, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. विश्व सदासर्वकाळ सारखं असेल तर जुन्या काळातली गर्दी आजच्याइतकीच दिसायला हवी. राईल यांना अंधुक स्रोत प्रमाणापेक्षा फार जास्त सापडले. म्हणजे विश्व पूर्वी वेगळं होतं.

रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत याला उत्तर द्यायला उभे राहिले ते विशीतले विद्यार्थी नारळीकर. स्रोत आकाशात सरसकट सारखे पसरलेले नसतील, मोठ्या प्रमाणावर पुंजके असतील तर अशी मोजणी स्थिर विश्वातही येऊ शकते, असं हॉयल आणि त्यांनी गणितानं दाखवलं होतं. विश्वात दीर्घिकांचे प्रचंड पुंजके आणि पोकळ्या आहेत हे पुढे खरंच सापडलं, पण राईल यांची मोजणी त्यानं पुरती सुटली नाही. १९६४ मध्ये हॉयल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा स्वतःचा सिद्धांत मांडला. त्याच वर्षी रॉयल सोसायटीत हॉयल तो समजावून सांगत असताना, नारळीकरांच्याच वयोगटातला एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्यातली एक बेरीज अनंत येते, असं त्यानं तोंडावर सांगितलं. त्याचं नाव स्टीफन हॉकिंग. पण बातम्या झाल्या त्या सिद्धांताच्या. १९६५ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, नारळीकरांना पद्मभूषण मिळालं.

राईल आणि हॉयल यांचं भांडण सर्वत्र सांगितलं जातं. त्याचा पुढचा, आपल्याकडे घडलेला भाग फारसा सांगितला जात नाही.

१९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले आणि मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये रुजू झाले. त्याच संस्थेत गोविंद स्वरूप यांचा रेडिओ खगोलशास्त्राचा गट होता. स्वरूप यांनी उटीजवळ एका डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद रेडिओ दुर्बीण उभारली होती. ती १९७० मध्ये सुरू झाली. उतार निवडण्यामागचं डोकं बघण्यासारखं आहे. उटी उत्तर गोलार्धात ११ अंशांवर आहे. दक्षिणोत्तर ११ अंशांचाच उतार शोधला तर त्यावर टेकवलेल्या दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि मग एकाच दिशेनं ती फिरवत राहिलं की आकाशातला स्रोत तासन्‌तास नजरेत ठेवता येतो. महागडी यंत्रणा वाचली.

या दुर्बिणीचं मुख्य काम चंद्राच्या मदतीनं चालायचं. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकला की सिग्नल तुटतो. तो एकदम तुटतो की हळूहळू, यावरून त्या स्रोताचा आकार कळतो. अशा शेकडो नोंदी जमवून १९७५ मध्ये स्वरूप आणि त्यांचे सहकारी विजय कपाही यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केले. अंधुक, म्हणजे जुन्या काळातले स्रोत आकाशात किती लहान दिसतात, याचा आलेख त्यांनी मांडला. तो न बदलणाऱ्या विश्वाशी जुळत नव्हता. जुन्या काळातले स्रोत आजच्यापेक्षा वेगळे होते, हाच सरळ अर्थ निघत होता. स्थिर स्थितीच्या विरोधातला हा महत्त्वाचा पुरावा नारळीकरांच्याच संस्थेतून, भारतीय दुर्बिणीवरून आला.

पाठ न सोडणारी खरखर

तोवर मोठा घाव बसून दहा वर्षं झाली होती. अमेरिकेत न्यू जर्सीत आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांच्या शिंगासारख्या अँटेनात १९६४ पासून एक खरखर येत होती. दिशा बदलली, ऋतू बदलला तरी ती तेवढीच. अँटेनात कबुतरांनी घाण करून ठेवली होती, ती साफ केली तरी खरखर गेली नाही. १९६५ मध्ये उलगडा झाला. विश्व एकेकाळी तप्त असेल तर त्या उष्णतेचा अवशेष आजही सगळीकडे भरून राहिलेला असायला हवा, ताणून ताणून थंड झालेला. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी हे १९४८ मध्येच सांगितलं होतं, सगळे विसरले होते.

हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं होतं आणि तापमान ३,००० अंशांच्या आसपास. त्याआधी विश्व दाट धुक्यासारखं होतं, प्रकाशाचे कण इलेक्ट्रॉनवर आपटत राहायचे. तापमान उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले, धुकं निवळलं आणि प्रकाश मोकळा सुटला. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश, म्हणजे उणे २७० सेल्सिअस. चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या जागेतही या प्रकाशाचे साधारण दोन हजार कण आत्ता आहेत. जुन्या टीव्हीवर चॅनल लागलं नाही की मुंग्या यायच्या, त्या मुंग्यांमधला अगदी छोटा वाटाही याचाच होता.

१९८९ मध्ये सोडलेल्या नासाच्या कोबी उपग्रहानं या प्रकाशाचा वर्णपट मोजला. तो तापलेल्या वस्तूच्या आदर्श वर्णपटाशी इतका तंतोतंत जुळला, की मोजमापाची चूक आलेखावरच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कमी होती. जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅथर यांनी तो आलेख दाखवला तेव्हा सभागृहातले शास्त्रज्ञ उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

दुसरा पुरावा रसायनाचा आहे आणि त्यात एक गंमत आहे. विश्वातल्या साध्या द्रव्याचा वजनानं सुमारे चौथा भाग हेलियम आहे. एवढा हेलियम ताऱ्यांमध्ये बनवायला वेळ पुरत नाही, पण पहिल्या काही मिनिटांतल्या तप्त विश्वात तो बरोबर एवढाच बनतो. ताऱ्यांत एवढा हेलियम बनत नाही हे दाखवणाऱ्या १९६४ च्या शोधनिबंधाचे एक लेखक होते फ्रेड हॉयल!

दुसरा डाव

इथे बहुतेकांनी पाटी बदलली. हॉयल आणि नारळीकर यांनी बदलली नाही, पण ती नव्यानं मांडली. १९९३ मध्ये जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी ‘स्थिरवत् स्थिती’ सिद्धांत दिला. यात विश्व दीर्घकाळात पसरतंच, पण त्यावर चाळीस-पन्नास अब्ज वर्षांची आकुंचन-प्रसरणाची आवर्तनं स्वार असतात. एका महास्फोटाऐवजी दीर्घिकांच्या केंद्रांजवळ अनेक लहान स्फोटांमधून द्रव्य जन्मतं. आणि ती खरखर? ती आधीच्या आवर्तनांमधल्या ताऱ्यांचा प्रकाश आहे, लोखंडाच्या सूक्ष्म सुयांसारख्या धुळीनं शोषून पुन्हा बाहेर सोडलेला. ताऱ्यांनी आजवर हायड्रोजनचं हेलियम करताना किती ऊर्जा सोडली असेल याचा अंदाज त्या खरखरीतल्या ऊर्जेच्या जवळ जातो, हा त्यांचा मुद्दा सहज उडवून लावण्यासारखा नव्हता.

त्यांच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. विश्वाचं पसरणं वेगानं वाढतं आहे असं १९९८ मध्ये सुपरनोव्हांच्या निरीक्षणांवरून कळलं आणि सगळे चकित झाले. १९४८ चा स्थिर स्थिती सिद्धांत पसरण्याचा वेग वाढत जाणार असंच म्हणत होता.

मग तो का टिकला नाही? सगळ्यात प्रामाणिक उत्तर असं की बिग बँगच्या बाजूनं आकडे आधी सांगितले आणि ते नंतर सापडले. त्या खरखरीत दिशेनुसार लाखात एक भाग इतके बारीक चढउतार आहेत. तप्त विश्वातल्या ध्वनिलहरींमुळे ते ठरावीक आकाराचे असतील, हे गणित १९७० मध्येच मांडलं गेलं होतं. पुढे २००० नंतर बलून प्रयोग, डब्ल्यूमॅप आणि प्लँक उपग्रहांनी ते त्याच नमुन्यात मोजले. त्यावरूनच विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं असं सांगता येतं. पर्यायी सिद्धांताला हाच नमुना सापडल्यानंतर आपल्या चौकटीत बसवावा लागला. नियमांना धरून ते शक्य असलं, तरी सामना तिथे हातातून गेला होता.

पुण्यातली इमारत

सीवूड्सच्या पुढचं स्टेशन बेलापूर. तिथली, अंगणांभोवती रचलेली बैठी घरांची वसाहत चार्ल्स कोरिया यांची. नवी मुंबईची मूळ कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकीही ते एक. याच कोरियांनी पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुकाची इमारत रचली. नारळीकर हे या संस्थेचे संस्थापक संचालक, १९८८ पासून २००३ पर्यंत. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत आणि पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लंबकही.

नारळीकर बिग बँग मानत नव्हते, हे फॉरवर्ड करताना सहसा गाळलं जाणारं पान ते हेच. संचालकाला आपल्या मताची माणसं गोळा करता आली असती. आयुकात आले थानू पद्मनाभन, वरुण साहनी, तरुण सौरदीप; तिघांचंही काम प्रस्थापित, म्हणजे बिग बँगच्या चौकटीतलं. सौरदीप यांचा गट तर त्या खरखरीतल्या चढउतारांचाच अभ्यास करत होता. पद्मनाभन यांच्याबरोबर नारळीकरांनी एकत्र शोधनिबंधही लिहिले.

आणि डिसेंबर २००० मध्ये ‘नेचर’मध्ये एक निबंध आला. आयुकाचे आर. श्रीआनंद आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहकाऱ्यांनी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीतून एका खूप दूरच्या वायूच्या ढगाचा प्रकाश तपासला होता. तो ढग आपल्याला हजार कोटी वर्षांपूर्वीचा दिसतो. बिग बँग खरा असेल तर तेव्हा पार्श्वभूमीचं तापमान आजच्या २.७ ऐवजी सुमारे ९ अंश असायला हवं होतं. मोजमाप निघालं ६ ते १४ अंशांच्या दरम्यान. विश्व पूर्वी जास्त गरम होतं, याचा हा थेट पुरावा. मूळ स्थिर स्थिती सिद्धांतात हे बसत नाही (१९९३ च्या आवृत्तीत, प्रसरणाच्या टप्प्यात, ते बसवता येत होतं). शोधनिबंधावर नाव होतं नारळीकर संचालक असलेल्या संस्थेचं.

जाता जाता : नाव झाकून काम तपासलं जावं, ही नारळीकरांची जुनी आवड. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात होती. बक्षीस मिळालं.

मग आता सगळं सुटलं?

नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटा ठरवला’ असा मजकूर जगभर फिरला. त्यात एका महिला खगोलशास्त्रज्ञाचं दीर्घिकांबद्दलचं वाक्य संदर्भ तोडून वापरलं होतं, आणि ते चुकीचं असल्याचं त्यांना स्वतः सांगावं लागलं. वेबनं खरंच काय दाखवलं? सुरुवातीपासून ३० कोटी वर्षांच्या आतच अपेक्षेपेक्षा तेजस्वी दीर्घिका तयार झाल्या होत्या. दीर्घिका इतक्या लवकर कशा बनल्या, हा त्यातला कठीण प्रश्न आहे. विश्व तप्त होतं की नाही, हा प्रश्न त्यातून उभा राहत नाही.

खरी डोकेदुखी वेगळीकडे आहे. विश्वाच्या पसरण्याचा आजचा वेग दोन पद्धतींनी मोजला तर दोन आकडे येतात. पार्श्वभूमीच्या प्रकाशावरून ६७, जवळच्या तारे-सुपरनोव्हांवरून ७३ (किलोमीटर प्रति सेकंद, दर मेगापार्सेकला). दोन्ही गट आपापल्या मोजमापांवर ठाम आहेत. शिवाय विश्वातलं बहुतांश द्रव्य ‘काळं’ आहे आणि त्याहून मोठा हिस्सा ‘डार्क एनर्जी’चा. ही दोन्ही नावं म्हणजे सध्या तरी न उघडलेल्या डब्यांवरची लेबलं आहेत. नारळीकर यावर सतत बोट ठेवायचे आणि तो आक्षेप रास्त होता. अगदी पहिल्या क्षणाबद्दल तर समीकरणंच हात टेकतात. तिथे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम भौतिकी यांना एकत्र आणणारा सिद्धांत लागतो, तो अजून नाही. त्यामुळे ‘बिग बँगच्या आधी काय होतं’ याचं ठाम उत्तर कुणी देत असेल तर व्हिडिओ पुढे सरकवायला हरकत नाही.

मधल्या एका कोऱ्या पानावर मात्र आपल्याकडेच काम चालू आहे. धुकं निवळल्यानंतर पहिले तारे पेटेपर्यंत विश्व अंधारात होतं आणि हायड्रोजननं भरलेलं होतं. हायड्रोजन १,४२० मेगाहर्ट्झवर अत्यंत क्षीण सिग्नल सोडतो. सुरुवातीनंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी निघालेला तो सिग्नल ताणला जाऊन आज १०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचतो, म्हणजे नेमका एफएम रेडिओच्या पट्ट्यात. नवी मुंबईत तो ऐकायला जाणं म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत उभं राहून टाचणी पडल्याचा आवाज शोधणं. म्हणून बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेनं ‘सारस’ नावाची अँटेना कर्नाटकातल्या तलावावर आणि शरावतीच्या बॅकवॉटरमध्ये तरंगत सोडली. २०१८ मध्ये एका अमेरिकी गटानं हा सिग्नल सापडल्याचं म्हटलं होतं, तो तसा नसल्याचं ‘सारस’च्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं.

हायड्रोजनच्याच शोधात गोविंद स्वरूप यांनी उटीनंतर जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी उभारली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तीही टीआयएफआरचीच. तिचं मुख्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुकाच्या शेजारी आहे. २०२३ च्या जानेवारीत याच दुर्बिणीतून ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतला हायड्रोजन टिपल्याचं जाहीर झालं. मध्ये आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेनं भिंगासारखं काम केल्यामुळे ते जमलं. पहिल्या ताऱ्यांच्या आधीचा हायड्रोजन अजून कुणालाच सापडलेला नाही.

सीवूड्सहून कल्याण आणि माळशेज घाटमार्गे खोडद एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. एरवी भेटीसाठी आधी परवानगी घ्यावी लागते, पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला तिथे प्रदर्शन भरतं आणि गावोगावची शाळकरी मुलं एसटी भरभरून येतात. तबकड्यांच्या जवळ जाताना मोबाइल बंद ठेवायचा असतो. शेकडो कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला सिग्नल खिशातल्या फोनपुढे काहीच नाही.